विज्ञानाची ओसरी : काटा एकावर आला, मग आवाज कोठे गेला?



खानापूर तालुक्यातील एका शेतकरी वाचकांचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. पत्र चांगले चार पानी आहे. ते सबंध छापणे शक्य नाही, म्हणून त्याचा सारांश देतो. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांस हौशी रेडिओचा नाद आहे. मुलाने सरकारी परीक्षा दिली, परवाना मिळविला आणि साठविलेल्या पैशांतून शंभर वॅटचे एक जुने यंत्र घेतले. परसातील फणसापासून माडापर्यंत त्याने वीस मीटर लांबीची तार ताणली, ती मध्यभागी तोडून दोन सारखे भाग केले आणि तेथून तीस मीटर बारीक केबल घरात आणली. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर त्याचा आवाज हैदराबादेस आणि कोलंबोस स्पष्ट ऐकू जाऊ लागला. घरात आनंद झाला.

पुढे मुलास चौदा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, जेथे युरोपातील मंडळी भेटतात तेथे, बोलावेसे वाटले. 'तार बदलू नकोस, ट्यूनर घे' असा सल्ला कोणी दिला. ट्यूनर आला. त्याची बटणे फिरविली की मापकाचा काटा बरोबर एकावर येतो, म्हणजे सर्व ठीक असल्याची खूण मिळते. मुलास परदेशची माणसे ऐकूही येतात. परंतु तो हाक मारतो तेव्हा एकही उत्तर येत नाही. आता आणखी कोणी सांगितले आहे की शक्ती कमी पडते, ॲम्प्लिफायर घ्या. त्याची किंमत दुभत्या म्हशीहून अधिक आहे. वडील लिहितात, "म्हैस विकावी असे घरात घाटते आहे. मुलाच्या आईने दोन दिवस अबोला धरला आहे. आम्हांस यातील काही कळत नाही. मुलास कोणी फसविले की मुलगा आम्हांस फसवितो, तेवढे कळवावे."

वाचकांच्या घरगुती गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत हे खरे, परंतु त्यांच्या अनुमतीने हे लिहीत आहे. उत्तर प्रथम देतो, कारण पुढे देतो. मुलाने कोणास फसविले नाही. दुकानदारानेही फसविले नाही. काटाही खोटे बोलत नाही. मात्र काट्याला जो प्रश्न विचारला आहे तो एक, आणि घरच्यांस हवे असलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. म्हैस विकू नये.

हा नाद आहे तरी काय?

ज्या वाचकांस हौशी रेडिओ अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आकाशवाणीचे केंद्र एकाच वेळी हजारोंशी बोलते, पण त्यास कोणी उत्तर देऊ शकत नाही. हौशी रेडिओवर दोन साधी माणसे आपापल्या घरांतून एकमेकांशी बोलतात. त्यात मोबदला घेण्यास किंवा व्यापार करण्यास मनाई आहे. परवाना सरकारकडून घ्यावा लागतो, त्याविना प्रेषण करणे गुन्हा आहे, आणि प्रत्येकास स्वतःचे संकेतनाम मिळते. अमेरिकेत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर मार्शल मोरान १९२९ साली भारतात आले आणि १९५१ साली त्यांनी काठमांडूजवळ गोदावरी येथे सेंट झेवियर शाळा उघडली. पुढे '९ एन १ एम एम' ह्या संकेतनामाने ते साऱ्या जगातील हौशी मंडळींस परिचित झाले. नेपाळ म्हटले की कित्येकांस त्यांचाच आवाज आठवे. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

हा नाद केवळ करमणुकीचा आहे असेही नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमानवर आदळल्या तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची एक तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होती. श्रीमती भारती प्रसाद तिच्या प्रमुख होत्या. दूरध्वनी बंद पडलेले असता ह्या मंडळींनी आपल्या यंत्रांवरून बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. म्हणून आपल्या शेतकरी मित्रांच्या मुलाचा आवाज घरातच अडकून राहतो की दूर जातो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पावसाळ्यात ज्या गावाचा रस्ता आणि टेलिफोन दोन्ही बंद होतात, त्या गावास त्याचे मोल अधिक कळेल.

तार, तिची लांबी आणि परतणारी लाट

यंत्रातून निघालेली विद्युत्‌लहर केबलवाटे वरच्या तारेपर्यंत, म्हणजे एरियलपर्यंत जाते, आणि एरियल तिला आकाशात सोडते. एरियलची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी असली की काम सुलभ होते. सात मेगाहर्ट्झची लहर सुमारे बेचाळीस मीटर लांब असते, तिचे निम्मे सुमारे एकवीस. तारेच्या टोकांचा परिणाम धरून थोडे वजा केले की वीस मीटर उरतात. मुलाची तार हीच आहे. अशा तारेच्या मध्यभागी विजेस सुमारे सत्तर ओहमचा रोध भेटतो. केबल पन्नास ओहमची आहे. पन्नास आणि सत्तर यांत फार अंतर नाही, म्हणून सोयरीक जुळते.

आता तीच वीस मीटरची तार चौदा मेगाहर्ट्झवर वापरली तर काय घडते? तेथे लहर निम्मी, म्हणजे सुमारे एकवीस मीटरची. म्हणजे तार आता अर्धी लहर न राहता जवळजवळ पूर्ण लहर झाली. अशा तारेच्या मध्यभागी प्रवाह अल्प आणि दाब प्रचंड असतो. रोध काही हजार ओहमांवर जातो. आपण चार हजार धरू. पन्नास ओहमची केबल आणि चार हजार ओहमची तार! ऐंशी पटींचा फरक. ह्या फरकाच्या आकड्यास हौशी लोक एस. डब्ल्यू. आर. म्हणतात. तो एक असला की लहर सगळीच्या सगळी पुढे जाते. तो जसजसा वाढतो तसतसा लहरीचा मोठा भाग एरियलच्या दारावरून माघारी फिरतो.

विहिरीच्या दोराचे एक टोक खांबास बांधून दुसरे टोक झटकून पाहावे. दोरावरून एक लाट खांबापर्यंत जाते आणि तेथून परत आपल्या हाताशी येते. येथेही तोच प्रकार आहे. परत आलेली लाट यंत्रास मानवत नाही. आजची अर्धवाहकांची यंत्रे हा आकडा दोनाच्या वर गेला की स्वतःचे रक्षण करण्यासाठी शक्ती आपोआप कमी करतात.

ट्यूनर काय करतो आणि काय करीत नाही

ट्यूनर म्हणजे पेटीत बसविलेले एक तारेचे वेटोळे आणि फिरते कंडेन्सर. यंत्रास पन्नास ओहमच दिसावेत अशा रीतीने ही दोन्ही जुळवून घ्यावयाची. परत आलेल्या लाटेस ट्यूनर यंत्रात शिरू देत नाही, तिला पुन्हा एरियलकडे वळवितो. यंत्र आणि ट्यूनर यांच्यामधील मापक त्यामुळे 'एक' दाखवितो, आणि तो खराच असतो. परंतु ट्यूनरच्या पलीकडे, तीस मीटर केबलमध्ये, ऐंशीचा फरक जसाच्या तसा राहतो. काटा त्या केबलविषयी एक शब्दही सांगत नाही. यंत्र सुखात आहे की नाही, एवढेच तो सांगतो.

शेताच्या पाटाचे उदाहरण घेऊ. विहिरीवरील पंपाने पाणी पाटात सोडले. पाटाच्या शेवटी शेताचे दार अगदी अरुंद आहे. त्यातून थोडे पाणी आत जाते, उरलेले मागे वळते. पाटाच्या तोंडाशी एक फळी बसविली आहे. ती परतलेल्या पाण्यास पुन्हा शेताकडे लोटते. पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसास पाणी परत येताना दिसत नाही, म्हणून तो समाधानी असतो. पाणी मात्र पाटात येरझारा घालीत राहते. पाट दगडी आणि चुन्याने बांधलेला असेल तर दहा खेपा होवोत की वीस, पाणी अखेरीस शेतातच पडते. परंतु पाट मातीचा असेल तर प्रत्येक खेपेस काही पाणी जमीन पिते, आणि शेत कोरडे राहते.

ट्यूनर ही ती फळी. बारीक केबल हा मातीचा पाट. दगडी पाट कोणता, ते आता सांगतो.

कावडीसारखी दोन तारांची वाट

एकमेकींपासून वीतभर अंतरावर समांतर ताणलेल्या दोन उघड्या तारा, मध्ये ठिकठिकाणी आधाराच्या काड्या. दिसावयास दोराच्या शिडीसारखी. हौशी मंडळी तिला ओपन वायर किंवा लॅडर लाइन म्हणतात. आपण तिला दुतारी म्हणू.

दोन उघड्या तारांतून लहर वाटेतच आकाशात का उधळत नाही, असे कोणी विचारील. कारण दोन्ही तारांतील प्रवाह सारखा असतो, पण दिशा उलट. एका तारेचा बाहेर पडणारा परिणाम दुसरीचा परिणाम पुसून टाकतो. मात्र दोन तारांतील अंतर लहरीच्या लांबीच्या मानाने अगदी थोडे हवे. एकवीस मीटर लहरीपुढे पंधरा सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. कावडीच्या दोन घागरी सारख्या भरलेल्या असल्या म्हणजे खांदा तोल सांभाळतो. एक घागर हिंदकळली की कावड कलंडते. दुतारीचेही तसेच आहे. एक तार पन्हाळीच्या पत्र्याजवळून गेली आणि दुसरी दूर राहिली, तर तोल बिघडतो व दुतारी स्वतःच एरियल होऊन बसते.

दुतारीत झीज कमी का? केबलमध्ये मधली तार अतिशय बारीक असते आणि तिच्याभोवती प्लॅस्टिक भरलेले असते. पन्नास ओहमच्या केबलीत तितकीच शक्ती नेण्यास प्रवाह अधिक लागतो, आणि प्रवाह अधिक म्हणजे तारेत उष्णता अधिक. दुतारीचा रोध सहाशे ओहम असतो, प्रवाह त्या मानाने थोडा, तारा जाड, आणि मध्ये बव्हंशी हवाच. हवा काही पीत नाही.

आता आपल्या मुलाच्या एरियलचा हिशेब मांडू. चौदा मेगाहर्ट्झवर तीस मीटर बारीक केबलमध्ये, सर्व काही जुळलेले असतानाही, सुमारे पावणेदोन डेसिबेल झीज होते. म्हणजे शंभर वॅटपैकी तिसरा हिस्सा जातो. त्यावर ऐंशीचा एस. डब्ल्यू. आर. चढला, लाट येरझारा घालू लागली, की एकूण झीज बारा डेसिबेलांवर जाते. शंभर वॅट निघाले, एरियलपाशी जेमतेम सहा पोहोचले! उरलेल्या चौऱ्याण्णवांनी केबल तापविली.

त्याच जागी तीस मीटर दुतारी लावली तर? सहाशे ओहम आणि चार हजार ओहम यांत फरक सुमारे पावणेसात पटींचा. जुळलेल्या स्थितीतील झीज डेसिबेलच्या दहाव्या हिश्शाइतकी. दोन्ही मिळून एरियलपाशी शंभरांपैकी नव्वदाहून अधिक वॅट पोहोचतात. सात मेगाहर्ट्झवर दुतारीस सत्तर ओहम भेटतात, तेथे फरक साडेआठ पटींचा, आणि तरीही नव्वदाहून अधिकच वॅट पोहोचतात. ट्यूनरमधील झीज ह्यात धरलेली नाही, ती निराळी.

सहाचे नव्वद करावयास ॲम्प्लिफायर लागेल तो पंधरा पटींचा, म्हणजे दीड हजार वॅटचा. आपल्याकडील हौशी परवाना इतकी शक्ती देतच नाही. आणि दिली असती तरी ती बारीक केबल जळून गेली असती. म्हैस विकूनही काम झाले नसते, ते ह्यासाठी.

मग मुलास परदेशची माणसे ऐकू कशी येतात? त्यांच्या लहरीही त्याच केबलमधून क्षीण होऊन येतात, हे खरे. परंतु त्यांच्याबरोबर आकाशातील खरखरही त्याच प्रमाणात क्षीण होते आणि ग्राहकयंत्र दोन्हींना मोठे करून घेते. म्हणून ऐकताना तोटा जाणवत नाही. बोलताना मात्र पुरता भोगावा लागतो. मुलास वाटते, 'मला ऐकू येते, म्हणजे माझेही ऐकू जात असले पाहिजे.' ही चूक अनेकांची होते.

जुनी विद्या, नवा विसर

दुतारी ही आजची क्लृप्ती नव्हे. जर्मनीतील झेपेलिन विमाने हायड्रोजन वायूने भरलेली असत. एरियलच्या टोकाशी उच्च दाब असतो, आणि ते टोक वायूच्या पिशवीजवळ आले तर ठिणगीने सर्वनाश व्हावयाचा. म्हणून तार खाली लोंबती ठेवून तिला दोन समांतर तारांनी लहर पुरविण्याची योजना निघाली. त्यावरून 'झेप' हे एरियलचे नाव हौशी लोकांत अद्याप चालते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी दुतारी ही हौशी मंडळींची रोजची वस्तू होती. युद्ध संपल्यावर लष्कराकडील शिल्लक केबल स्वस्तात बाजारात आली. भिंतीतून, छपरावरून, पत्र्याला चिकटवून, कशीही नेता येणारी ती केबल सोयीची होती. सोयीपुढे जुनी विद्या मागे पडली.

तरी ती मेली नाही. इंग्लंडचे लुई व्हार्नी यांनी १९४६ साली सुमारे एकतीस मीटर लांबीच्या तारेस मध्यभागी दुतारी जोडून 'जी ५ आर व्ही' नावाचे एरियल बनविले, ते आजही जगभर वापरले जाते. अमेरिकेतील ई. एफ. जॉन्सन कंपनीने १९५० नंतरच्या दशकात दुतारीसाठी 'मॅचबॉक्स' नावाचा ट्यूनर विकला. त्याच्या जुन्या पेट्या आजही लोक जपून वापरतात. पुढे काटा एकावर आणणे हेच ध्येय होऊन बसले, तेव्हा वॉल्टर मॅक्सवेल ह्या अमेरिकन अभियंत्यांनी १९७३ पासून 'क्यू. एस. टी.' मासिकात लेखमाला लिहून परतणाऱ्या लाटेविषयीचे गैरसमज दूर करण्याचा यत्न केला. परतणारी लाट हा स्वतः तोटा नसून ती ज्या वाटेने फिरते ती वाट किती पिते ह्यावर तोटा ठरतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मुलाने आता काय करावे

प्रथम सर्वांत स्वस्त उपाय सांगणे न्याय्य होईल. त्यास केवळ सात आणि चौदा हेच दोन पट्टे हवे असतील, तर दुतारीही नको आणि ट्यूनरही नको. केबल जेथे तारेस जोडली आहे, त्याच दोन टोकांना पाच-पाच मीटरच्या आणखी दोन तारा जोडाव्यात आणि त्या मूळ तारेच्या खाली काही अंतर राखून ताणाव्यात. सातावर लांब तार काम करील, चौदावर आखूड. लांबी थोडी कमी-अधिक करून काटा पाहावा. येथे काट्याचे म्हणणे पुष्कळ उपयोगी पडते, कारण मधे ट्यूनर नाही. खर्च दहा मीटर तारेचा.

परंतु त्यास सर्व पट्टे एकाच तारेवर हवे असतील, तर दुतारी करावी. चौदा गेजची, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्यावी. दोन तारांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवले की रोध जवळजवळ नेमका सहाशे ओहम येतो. तीस मीटर दुतारीस साठ मीटर तार, वजन सुमारे एक किलो सातशे ग्रॅम. आधारासाठी पूर्वी लाकडी काड्या मेणात उकळून घेत, म्हणजे त्या पाणी पीत नसत. आज वीज-जोडणीच्या प्लॅस्टिक नळीचे तुकडे चालतील. दर साठ सेंटिमीटरवर एक असे पन्नास तुकडे पुरतात.

दुतारी नेताना पुढील पथ्ये पाळावीत. पत्रा, पन्हाळ, लोखंडी खांब यांपासून ती निदान अर्धा मीटर दूर राहावी. जमिनीवर पसरू नये, गुंडाळी करून ठेवू नये, एकदम काटकोनात वळवू नये. वाऱ्याने हेलकावे घेऊ नयेत म्हणून काही मीटरांवर तिला सावकाश एकेक पीळ द्यावा. त्याने दोन्ही तारांचा तोलही सुधारतो. भिंतीतून आत घेताना चिनीमातीच्या दोन नळ्या वापराव्यात, किंवा खिडकीची एक काच काढून जाड प्लॅस्टिकच्या पाटीला दोन पितळी बोल्ट बसवावेत. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकच्या पट्टीतील तयार दुतारी सोयीची खरी, पण आमच्याकडील पावसात ती भिजली की जुळवणी बदलते. हवेतील उघडी दुतारी पावसास त्या मानाने दाद देत नाही.

घरातील ट्यूनरच्या पाठीमागे बहुधा केबलीची एकच खोबण असेल. तीत दुतारीचे एक टोक आणि दुसरे पेटीच्या धातूस जोडले तर तोल जातो. मध्ये बालून नावाचे साधन हवे. फेराइटच्या कड्यावर केबलीचे काही वेढे देऊन ते करता येते. ते दोन्ही तारांतील प्रवाह सारखे राखते. अथवा जुन्या पद्धतीचा जोडवेटोळ्याचा ट्यूनर स्वतः करावा. मोठ्या वेटोळ्याच्या मधोमध काही वेढ्यांचे लहान वेटोळे घालून त्यास यंत्राची केबल जोडावयाची, मोठ्या वेटोळ्यावर फिरता कंडेन्सर बसवावयाचा, आणि दुतारीची दोन टोके मध्यापासून सारख्या अंतरावर जोडावयाची. ह्यात तोल आपोआप राहतो. जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सर ह्या कामी वापरण्याचा मोह होईल. त्याच्या पत्र्यांत अंतर फार थोडे असते. काही वॅटपर्यंत तो चालेल, शंभर वॅटला त्यात ठिणग्या उडतील.

जुळवणी नेहमी पाच-दहा वॅटवर करावी, आणि आधी ऐकून पट्टा रिकामा असल्याची खात्री करून स्वतःचे संकेतनाम सांगावे. प्रथम नुसते ऐकत बटणे फिरवून खरखर सर्वांत मोठी होईल ती जागा पकडावी, मग थोडी शक्ती सोडून काटा एकावर आणावा. बाजारच्या बहुतेक ट्यूनरांत एकाहून अधिक ठिकाणी काटा एकावर येतो. त्यांपैकी ज्या ठिकाणी कंडेन्सर अधिकाधिक मिटलेले आणि वेटोळे कमीत कमी वापरलेले असेल, ती जागा खरी. दुसऱ्या जागी शक्ती वेटोळ्यातच उष्णता होऊन संपते. मिनिटभर प्रेषण करून, यंत्र बंद करून, वेटोळे आणि बालून हाताने चाचपून पाहावे. चटका बसला तर शक्ती तेथेच खर्च होत आहे असे समजावे. प्रत्येक पट्ट्याचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. कोठेच जुळत नसेल तर दुतारीची लांबी दोन-तीन मीटरांनी कमी-जास्त करावी. त्याने ट्यूनरला दिसणारा रोध बदलतो.

तोल तपासावयास मोठी उपकरणे नकोत. टॉर्चचे दोन सारखे बल्ब घ्यावेत आणि दोन्ही तारांवर समोरासमोर, वीतभर तारेच्या दोन टोकांस एकेक जोडावा. दोन्ही सारखे उजळले तर कावड समतोल आहे.

आईचे म्हणणेही ऐकावे

मुलाच्या आईने ह्या उद्योगाची भीती बोलून दाखविली आहे. ती अनाठायी नाही. शंभर वॅट चार हजार ओहममध्ये गेले की सहाशे व्होल्टांहून अधिक दाब निर्माण होतो. अशा तारेस हात लागला तर वरून लहान दिसणारे, पण आत खोल भाजते. म्हणून दुतारी मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर, तीन मीटरांहून उंच न्यावी. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल कधीही नेऊ नये. एरियल तुटून त्यावर पडले तर प्राणाशी गाठ आहे. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागण्याआधीच दुतारी यंत्रापासून सोडवून घराबाहेर भूमीस जोडून ठेवावी, आणि पुढे त्या दिवशी तिला हात लावू नये. एवढी शिस्त पाळण्याचे मुलाने आईस वचन द्यावे. मग तिचा अबोला सुटेल अशी आशा आहे.

वडिलांस एक शब्द. आपण मुलाची बाजू न ऐकता निकाल दिला नाहीत, दूरच्या माणसास विचारलेत, हे योग्य केलेत. आपल्या चिरंजीवांनी काम प्रामाणिकपणे केले. काटा एकावर आला म्हणजे आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचले, असे त्यांनी मानले, एवढीच त्यांची चूक. आमच्या वयाची माणसेही ही चूक करतात. आपल्या मनास शांतता लाभली की पलीकडच्यास सर्व कळले असे समजतो, आणि मधली वाट किती पीत आहे ते पाहात नाही. ह्या उन्हाळ्यात बापलेकांनी मिळून ते पन्नास तुकडे कापावेत. भोके पाडण्याचे काम वडिलांनी घ्यावे, मोजमापाचे मुलाने.

पहिले दूरदेशीचे उत्तर आले म्हणजे पोस्टकार्ड अवश्य टाकावे. ते ह्याच सदरात छापू. पुढील आठवड्यात, अनेक वाचकांनी विचारल्यावरून, कौलारू घराचे विजेपासून रक्षण कसे करावे ते पाहू.